निकाल लागला, पुढे काय? मानवाधिकार न्यायालयं आणि नव्या लोकशाह्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत एका वाचनालयाच्या माडीवर महिन्यातल्या दोन रविवारी आमचा अभ्यासवर्ग भरतो. वकील, शिक्षक, कायद्याची मुलं, निवृत्त कारकून, मिऱ्याचे दोन खलाशी, असे पंधरा-वीस जण. गेलं वर्षभर आम्ही एकच विषय धरून बसलो आहोत: हुकूमशाहीतून बाहेर पडून लोकशाहीची घडी बसवू पाहणारे देश आंतरराष्ट्रीय मानवाधिकार न्यायालयांचे निकाल पाळतात का, आणि पाळतात तेव्हा ते कशामुळे. नवा माणूस आला की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी दिवाणी बाजूची वकील आहे. माझा जीव निकालापेक्षा त्याच्या बजावणीत जास्त अडकलेला असतो, आणि ते या पानात दिसेलच.

शब्दाबद्दल एक खुलासा आधीच करते. मराठीत गुन्हेगाराला सोडून देतात तीही माफी, आणि चूक कबूल करून मागतात तीही माफी. या विषयात दोन्ही सारख्या येतात आणि दोघींचं एकमेकींशी वैर असतं. म्हणून गुन्हेगारांना खटल्यातून सोडवणाऱ्या कायद्याला मी अभयाचा कायदा म्हणेन, आणि सरकारने पीडितांपुढे उभं राहून मागितलेल्या माफीला जाहीर माफी.

कोस्टा रिका नि फ्रान्समधल्या निकालांशी रत्नागिरीचा काय संबंध?

हुकूमनामा हातात पडला की अशील पेढे घेऊन येतात. मी पेढा घेते आणि सांगते, आता दरखास्त, म्हणजे निकाल बजावून घेण्याचा अर्ज, दाखल करायची. त्यांचा चेहरा उतरतो. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रज अमलातल्या लंडनच्या सगळ्यात वरच्या अपील न्यायालयाने, म्हणून ठेवलं आहे की हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात. कोकणात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या आईच्या माहेरची आंब्याची कलमं रस्त्याच्या कामात गेली. वाढीव मोबदल्याचा निकाल आमच्या बाजूने लागला तेव्हा मी अकरावीत होते. पैशांचा शेवटचा हप्ता मिळाला तेव्हा मला वकिलीची सनद मिळून दोन वर्षं झाली होती. मधल्या काळात आजोबा दर पंधरवड्याला एसटीने त्या कार्यालयात जात. निकालाची नक्कल पावसात भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून नेत. साहेब रजेवर, फाईल वरती गेली आहे, बजेट आलेलं नाही, ही तीन उत्तरं त्यांना पाठ झाली होती. निकाल आमच्याच देशातल्या कोर्टाचा होता आणि त्याच्यामागे बेलीफ, जप्ती, अवमान असं सगळं उभं होतं.

आता असा निकाल डोळ्यांसमोर आणा की ज्याच्यामागे बेलीफच नाही, आणि ज्याच्या विरुद्ध तो लागला आहे त्या सरकारच्याच हातात पोलिस आहेत. तो निकाल पाळला जातो तेव्हा काय घडलेलं असतं, हे मला समजून घ्यायचं होतं.

ही न्यायालयं नेमकी कोणती? हेगचं न्यायालय यात येतं का?

मुख्य तीन. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचं युरोपीय मानवाधिकार न्यायालय, १९५९ पासूनचं. कोस्टा रिकाच्या सान होजेमधलं आंतर-अमेरिकी न्यायालय, १९७९ पासूनचं. आणि टांझानियातल्या अरुशाचं आफ्रिकी न्यायालय, ज्याचे पहिले न्यायाधीश २००६ मध्ये निवडले गेले. पश्चिम आफ्रिकेच्या देशांचं एक प्रादेशिक न्यायालयही मानवाधिकारांची प्रकरणं ऐकतं.

हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय देशा-देशांमधल्या भांडणांसाठी आहे. तुम्ही-आम्ही तिथे अर्ज करू शकत नाही. या तीन न्यायालयांत मात्र साध्या माणसाचं गाऱ्हाणं पोचू शकतं. युरोपात थेट, अमेरिका खंडात तिथल्या मानवाधिकार आयोगामार्फत, आफ्रिकेत त्याच्या देशाने तशी वेगळी मान्यता दिली असेल तर. त्याआधी आपल्या देशातले सगळे दरवाजे ठोठावून झालेले असले पाहिजेत, किंवा ते दरवाजे नावापुरतेच होते हे दाखवता आलं पाहिजे.

नव्याने लोकशाही आलेला देश स्वतःच्या गळ्यात हा दोर का अडकवून घेतो?

वर्गात सगळ्यात जास्त चर्चा या प्रश्नावर होते. अर्जेंटिनात लष्करी राजवट १९८३ मध्ये गेली आणि १९८४ मध्ये नव्या सरकारने अमेरिकी मानवाधिकार करारावर, म्हणजे सान होजेच्या न्यायालयामागच्या करारावर, शिक्कामोर्तब केलं. चिलीत पिनोशे मार्च १९९० मध्ये पायउतार झाला, त्याच वर्षी चिलीने तेच केलं. हंगेरी आणि पोलंड कम्युनिस्ट राजवट गेल्यावर दोन-तीन वर्षांत युरोपीय करारात आले.

नव्या सरकारला माहीत असतं की जुनी माणसं गेलेली नाहीत. बराकीत आहेत, पोलिसांत आहेत, न्यायाधीशांच्या खुर्च्यांवरही आहेत. उद्या ती परत आली तर त्यांचेही हात बांधलेले असावेत म्हणून हे सरकार आज स्वतःचे हात बांधून घेतं. वाटण्या करताना शहाणा म्हातारा भावांमध्ये जिव्हाळा असतानाच कागद नोंदवून घेतो, तशातला हा प्रकार. शिवाय जगात पत मिळवायची असते. युरोपात तर युरोपीय संघाचं सदस्यत्व समोर दिसत असतं.

न्यायालयाकडे पोलिस नाहीत, सैन्य नाही. मग ऐकतं कोण?

देश म्हणून एकसंध असं कुणी ऐकत नाही. देशाच्या आतली माणसं ऐकतात किंवा ऐकायचं टाळतात. अर्थखातं, सरकारी वकील, संसद, सर्वोच्च न्यायालय, लष्कर, तुरुंगाचा अधीक्षक, प्रत्येकाच्या वाट्याला निकालाचा एकेक तुकडा येतो. म्हणून निकाल पाळला का, या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मिळत नाही. निकालातलं कोणतं कलम कुणी पाळलं, असं विचारावं लागतं.

युरोपात या पाठपुराव्याचं काम सदस्य देशांच्या मंत्र्यांची समिती करते. सान होजेचं न्यायालय ते काम स्वतः करतं. सरकारकडून अहवाल मागवतं, सुनावण्या घेतं, आणि आदेशातलं एकही कलम शिल्लक असेल तोवर प्रकरण उघडं ठेवतं. वीस वर्षं झाली तरी उघडं. मला या हट्टाचं फार मोल वाटतं. सरकारं दमण्याची वाट बघत असतात, आणि दमत नाही असं कुणीतरी समोर असावं लागतं.

पैसे लवकर मिळतात, खटले मात्र रखडतात. असं का?

होंडुरासपासून सुरुवात करते, कारण सान होजेच्या न्यायालयाचा सरकारविरुद्धच्या दाव्यातला पहिला मोठा निकाल तोच. मानफ्रेदो वेलास्केस रोड्रिगेज हा विद्यार्थी सप्टेंबर १९८१ मध्ये राजधानीतून उचलला गेला, तो परत आलाच नाही. २९ जुलै १९८८ रोजी न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं आणि पुढच्या वर्षी बायको-मुलांना साडेसात लाख लेंपिरा द्यायला सांगितलं. सरकारने चालढकल केली, तेवढ्यात लेंपिराची किंमत घसरली. तेव्हा न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं की उशिरामुळे पैशांची जी किंमत गेली तीही सरकारनेच भरून द्यायची. शेवटी पैसे दिले गेले आणि १९९६ मध्ये प्रकरण बंद झालं. त्या मुलाचं काय केलं, हे त्याच्या घरच्यांना कधी कळलं नाही.

भरपाईला एका खात्याची सही लागते, आणि पैसे सगळ्या जनतेच्या खिशातून जातात, कुणा एकाला टोचत नाहीत. जाहीर माफी त्याहून अवघड, पण मंत्री बदललेला असला की तीही मागितली जाते, कारण गुन्हा आधीच्यांचा असतो. खटल्यात मात्र एका जिवंत, नावागावाच्या माणसाला तुरुंगात घालायचं असतं. त्याचे मित्र अजून गणवेशात असतात.

ग्वाटेमालात मिर्ना माक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना सप्टेंबर १९९० मध्ये राजधानीत भोसकून मारलं. लष्कराच्या कारवायांमुळे विस्थापित झालेल्या खेडुतांचा त्या अभ्यास करत होत्या. सान होजेचा निकाल नोव्हेंबर २००३ चा. एप्रिल २००४ मध्ये सरकारने जाहीर माफी मागितली. देशातल्या कोर्टात एका कर्नलला शिक्षा झाली, जानेवारी २००४ मध्ये ती कायमही झाली. पोलिस त्याला धरायला गेले तर तो निसटला. माफी पदरात पडली आणि कैदी निसटला, तेही एकाच प्रकरणात, काही महिन्यांच्या अंतराने.

उलटं उदाहरणही सांगते, नाहीतर मन खट्टू होतं. नायजरमधल्या हादिजातू मानी यांना बाराव्या वर्षी गुलाम म्हणून विकलं होतं. पश्चिम आफ्रिकेच्या प्रादेशिक न्यायालयाने २७ ऑक्टोबर २००८ रोजी नायजर सरकारला एक कोटी फ्रँक भरपाई द्यायला सांगितलं. पैसे काही महिन्यांतच त्यांच्या हातात पडले. आमच्या आजोबांना हे वाचून दाखवायला हवं होतं.

तुमच्या वर्गात पेरूचं नाव सारखं का निघतं?

कारण या विषयातलं सगळं चांगलं आणि सगळं वाईट त्या एका देशात सापडतं.

३ नोव्हेंबर १९९१. लिमा शहरातली बार्रिओस आल्तोस नावाची दाटीवाटीची वस्ती. एका जुन्या इमारतीत भाडेकरूंनी कोंबडीचं जेवण ठेवलं होतं. ताटं विकून इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करायचे होते. आपल्याकडे देवळाच्या छपरासाठी वाडीतली मंडळी करतात ना, तसंच. रात्री तोंड झाकलेली माणसं आत शिरली, सगळ्यांना जमिनीवर पालथं पाडलं आणि आवाज दाबणाऱ्या बंदुकांनी गोळ्या घातल्या. पंधरा जण गेले. त्यात आठ वर्षांचा एक मुलगा होता. मारणारी टोळी लष्करातली होती.

एका सरकारी वकील बाईंनी १९९५ मध्ये तपास उघडला. लगेच त्या वर्षी जूनमध्ये संसदेने अभयाचा कायदा केला. खटला ज्यांच्यापुढे होता त्या न्यायाधीश बाईंनी तो लागू करायला नकार दिला, तर संसदेने दुसरा कायदा करून टाकला की पहिला कायदा तपासायचा अधिकार न्यायाधीशांना नाही. १९९९ मध्ये अध्यक्ष फुजिमोरी यांच्या सरकारने तर सान होजेचं न्यायालयच आपल्याला लागू नाही असं जाहीर केलं. न्यायालयाने ते मानलं नाही.

नोव्हेंबर २००० मध्ये फुजिमोरी जपानला गेले आणि सरकार कोसळलं. हंगामी सरकार जानेवारी २००१ मध्ये न्यायालयाच्या छत्राखाली परतलं, आणि फेब्रुवारीत त्याने चक्क जबाबदारी कबूल केली. १४ मार्च २००१ रोजी निकाल आला: गंभीर मानवाधिकारभंगाला अभय देणाऱ्या कायद्याला कायदेशीर किंमतच नाही. खटले पुन्हा उभे राहिले. चिलीने २००७ मध्ये फुजिमोरी यांना पेरूच्या हवाली केलं, आणि ७ एप्रिल २००९ रोजी पेरूच्याच न्यायाधीशांनी त्यांना पंचवीस वर्षांची शिक्षा ठोठावली. निवडून आलेल्या माजी राष्ट्रप्रमुखाला स्वतःच्याच देशातल्या कोर्टाने अशा गुन्ह्यांसाठी शिक्षा देणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मी प्रत्येक वेळी थांबून सांगते.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना दयेने सोडलं. सान होजेच्या न्यायालयाने त्या निर्णयाची फेरतपासणी करायला सांगितलं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये देशातल्या न्यायाधीशाने दया रद्द केली. डिसेंबर २०२३ मध्ये पेरूच्या घटना न्यायालयाने सान होजेचा आदेश बाजूला ठेवून त्यांची सुटका केली. सप्टेंबर २०२४ मध्ये ते वारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जुन्या अत्याचारांचे खटले बंद पाडणारा कायदा झाला, आणि २०२५ मध्ये सैनिक-पोलिसांसाठी पुन्हा अभयाचा कायदा. १९९५ चा कागद तीस वर्षांनी नव्या तारखेने परत आला.

म्हणजे सरकार बदललं की निकाल पाळला जातो, असं समजायचं का?

सरकार बदललं की वाट मोकळी होते, एवढंच. भाट्याच्या खाडीच्या मुखाशी वाळू साचते. राजिवड्याच्या माणसाला विचारा, भरती असेल तेवढ्या वेळात नौका बाहेर काढायची असते. ओहोटीत नाखवा कितीही हुशार असला तरी नौका रुतते. पण भरती आली म्हणून नौका आपोआप बाहेर जात नाही. खलाशी तयार असावे लागतात.

बुर्किना फासोचं बघा. नॉर्बर्ट झोंगो हे पत्रकार १३ डिसेंबर १९९८ रोजी तीन सोबत्यांसह जळालेल्या गाडीत मृत सापडले. अध्यक्षाच्या भावाच्या ड्रायव्हरच्या मृत्यूचा ते माग काढत होते. आफ्रिकी न्यायालयाने २८ मार्च २०१४ रोजी सरकारला दोषी धरलं. सत्तावीस वर्षं खुर्चीवर असलेला अध्यक्ष कोंपाओरे तेव्हा हलला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस लोक रस्त्यावर उतरले आणि तो देश सोडून पळाला. हंगामी सरकारने प्रकरण पुन्हा उघडलं, कुटुंबांना भरपाई दिली. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायालयाने दुसऱ्या एका संपादकाच्या प्रकरणात सांगितलं होतं की बदनामीसाठी तुरुंगवास चालणार नाही. २०१५ मध्ये तो तुरुंगवास कायद्यातून काढून टाकला. निकाल तयार होता, वकील तयार होते, कुटुंबं सोळा वर्षं थांबून होती, म्हणून त्या एका वर्षात एवढं झालं.

पुढचं वळण चटका लावणारं आहे. कोंपाओरेच्या त्या संशयित भावाला फ्रान्समध्ये पकडलं. पण २०२२ मध्ये बुर्किना फासोत दोनदा लष्करी उठाव झाला, आणि स्ट्रासबर्गच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये म्हटलं की उठावाआधीच्या सरकारने दिलेल्या हमीवर विसंबून त्याला तिकडे पाठवता येणार नाही. एका मानवाधिकार न्यायालयाच्या निकालातून उभा राहिलेला तपास दुसऱ्या मानवाधिकार न्यायालयात येऊन थांबला. दोन्ही निकाल मला योग्य वाटतात, आणि झोंगोंच्या घरच्यांना ते कसं सांगायचं हे मला कळत नाही.

थिबा पॅलेसवाल्या ब्रह्मदेशाचं काय झालं?

रत्नागिरीकर हा प्रश्न विचारणारच. थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणलं, आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या देशाची गोष्ट हेगच्या न्यायालयातली आहे, तरी विषयाला धरून आहे. रोहिंग्यांच्या प्रश्नावर गांबियाने नोव्हेंबर २०१९ मध्ये म्यानमारवर वंशसंहार कराराखाली दावा लावला. तेव्हा म्यानमार अर्धवट लोकशाहीत होता. निवडून आलेल्या आंग सान सू ची स्वतः हेगला जाऊन लष्कराची बाजू मांडून आल्या. २३ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला: रोहिंग्यांना संरक्षण द्या, पुरावे नष्ट करू नका, ठरावीक मुदतीने अहवाल द्या. एप्रिलमध्ये अध्यक्षांच्या कार्यालयाने तसे निर्देश काढलेही. कागद हलला, लष्कर हललं नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी त्याच लष्कराने सू ची यांना कैद केलं.

जुन्या, मुरलेल्या लोकशाह्या तरी नीट पाळत असतील ना?

ब्रिटन घ्या. कैद्यांना सरसकट मताधिकार नाकारणं चूक आहे, असं स्ट्रासबर्गने ६ ऑक्टोबर २००५ रोजी सांगितलं. ब्रिटिश संसदेने २०११ मध्ये २३४ विरुद्ध २२ मतांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. तात्पुरत्या सुटकेवर असलेल्यांसारख्या थोड्या कैद्यांना मत देऊ देणारी किरकोळ सोय केल्यावर प्रकरण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झालं. तेरा वर्षं लागली.

याउलट पोलंड. दुसऱ्या महायुद्धानंतर सरहद्द सरकली, बुग नदीपलीकडे लोकांची घरं-जमिनी राहिल्या. मोबदल्याचं वचन पन्नास वर्षं कागदावर होतं. सुमारे ऐंशी हजार लोक खोळंबलेले. न्यायालयाने २२ जून २००४ रोजी एकाच माणसाच्या प्रकरणात सगळ्यांसाठी तोडगा काढायला सांगितलं, आणि जुलै २००५ मध्ये पोलंडने कायदा केला. मालमत्तेच्या किमतीच्या वीस टक्केच मिळाले. आमच्याकडच्या प्रकल्पग्रस्तांना वीस टक्के ऐकून राग येतो, मलाही येतो. पण तेरा महिन्यांत कायदा झाला, हेही खरं.

निकालासाठी घटनाच बदलावी लागली तर?

चिलीने बदलली. तिथे ख्रिस्तावरच्या एका सिनेमावर बंदी होती. सान होजेच्या न्यायालयाने ५ फेब्रुवारी २००१ रोजी सांगितलं की घटनेतली पूर्वपरीक्षणाची तरतूदच करारात बसत नाही. ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती झाली. सरकारलाही ती हवीच होती.

बोस्नियात ते होत नाही. तिथल्या घटनेप्रमाणे अध्यक्षमंडळावर बोस्निअॅक, सर्ब आणि क्रोआटच उभे राहू शकतात. एका रोमा आणि एका ज्यू नागरिकाने स्ट्रासबर्गला दावा लावला आणि २२ डिसेंबर २००९ रोजी ते जिंकले. घटना तशीच आहे. ती १९९५ च्या युद्धबंदीच्या तहाचाच भाग आहे, आणि ज्या तीन गटांची सत्ता तिच्यावर उभी आहे त्यांनीच ती बदलायची आहे.

देशाचं सर्वोच्च न्यायालयच आडवं आलं तर?

ब्राझीलमध्ये आलं. एप्रिल २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ चा अभयाचा कायदा उचलून धरला, आणि नोव्हेंबरात सान होजेने नेमकं उलट सांगितलं. खटले अडले. सत्यशोधन आयोग मात्र २०१२ मध्ये बसला आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्याने अहवाल दिला.

अर्जेंटिनात जून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेरूच्या निकालाचा आधार घेऊन आपल्याकडचे अभयाचे कायदे मोडीत काढले. दुसऱ्या देशाविरुद्धचा निकाल आपल्या घरात वापरला! माझ्या मते या सगळ्या विषयातली हीच सगळ्यात मोठी शक्ती आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. सरकार बदलत राहतं, पण आपल्या न्यायाधीशाच्या निकालपत्रात एकदा ते कलम उतरलं की पुढच्या वकिलाला ते हाताशी मिळतं.

एखाद्या देशाला हे न्यायालय सोडून जाता येतं का?

येतं. त्रिनिदादने १९९८ मध्ये तशी नोटीस दिली, व्हेनेझुएलाने २०१२ मध्ये. रशियाला २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर युरोप परिषदेतून, म्हणजे स्ट्रासबर्गचं न्यायालय जिच्या छत्राखाली आहे त्या संघटनेतून, काढलं गेलं. आफ्रिकेत रवांडाने २०१६ मध्ये, न्यायालय ज्यांच्या भूमीवर आहे त्या टांझानियाने २०१९ मध्ये, बेनिन आणि आयव्हरी कोस्टने २०२० मध्ये सामान्य नागरिकांना थेट दाद मागू देण्याची मान्यता काढून घेतली. आधी दिलेल्या निकालांचं ओझं मात्र सुटत नाही.

जमिनीचा, जंगलाचा निकाल कधी पाळला गेला आहे का? देवरुखकडच्या एका ताईंचा प्रश्न.

केनियातल्या माऊ जंगलात ओगिएक लोक पिढ्यान्‌पिढ्या मध गोळा करत आले आहेत. सरकारने त्यांना जंगल वाचवण्याच्या नावाखाली हुसकावलं. आफ्रिकी न्यायालयाने २६ मे २०१७ रोजी ते जंगलाचे राखणदार आहेत असं मानलं, आणि २३ जून २०२२ रोजी १५ कोटी ७८ लाख ५० हजार शिलिंग भरपाई व जमिनीचे हक्क द्यायला सांगितलं. सरकारने समिती नेमली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच जंगलातून पुन्हा लोकांची घरं पाडली गेली. जमिनीचे निकाल सगळ्यात चिवट असतात, ताई. तुम्हाला ते माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती.

भारत यात कुठे बसतो?

आशियाला असं न्यायालय नाही, त्यामुळे भारतीय माणसाला दिल्लीपलीकडे दाद मागायला जागा नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आपण १९७९ मध्ये स्वीकारला, पण संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे वैयक्तिक तक्रार करू देणारा जोडकरार स्वीकारला नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग १९९३ च्या कायद्याने आला. तो शिफारस करतो, हुकूम करत नाही.

आपल्याकडे हे काम सर्वोच्च न्यायालयाने केलं. ओडिशातल्या एका आईचा मुलगा पोलिस कोठडीत मरण पावला होता. नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ मध्ये न्यायालयाने तिला दीड लाख रुपये द्यायला लावले, आणि त्या १९७९ च्या करारातलं जे कलम आपल्याला लागू नाही असं भारताने सांगून ठेवलं होतं त्याच कलमाचा दाखला दिला. विशाखा निकालात १९९७ मध्ये महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावरून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. संसदेचा कायदा यायला २०१३ उजाडलं.

पालघरचे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. त्यांच्यासाठी यातलं काही उपयोगी आहे?

मिऱ्याच्या मंडळींचा हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि मी तो कधीही घाईत उरकत नाही. या तीन न्यायालयांपैकी एकही त्यांच्यासाठी उघडं नाही. २००८ च्या द्विपक्षीय करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. यादीत नाव येणं ही पहिली पायरी, ते नाव आहे का हे पाहायला लोकप्रतिनिधींमार्फत पाठपुरावा करा.

कुलभूषण जाधव प्रकरण भारताने हेगला नेलं. १७ जुलै २०१९ च्या निकालात वकिलातीशी संपर्क नाकारल्याबद्दल पाकिस्तानला दोषी धरलं आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं. पाकिस्तानने मे २०२० मध्ये अध्यादेश आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदा केला. तो फेरविचार परिणामकारक आहे असं भारत मानत नाही. कायदा झाला म्हणजे निकाल पाळला असं नव्हे, याचं आपल्या घरचं उदाहरण हेच.

एखादा निकाल पाळला गेला की नाही, हे घरबसल्या कसं तपासायचं?

निकालपत्र शंभर-दीडशे पानांचं असतं. शेवटून सुरू करा. शेवटच्या दोन पानांत आदेशाची कलमं असतात. वहीत चार रकाने आखा: काय करायचं, कुणी करायचं, मुदत कधीची, झालं कधी. मग न्यायालयाचे पाठपुराव्याचे आदेश तारखेने लावून वाचा आणि चौथा रकाना भरा. सरकारच्या पत्रकावरून भरू नका. ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं लिहिलेलं असेल तर रकाना रिकामा ठेवायचा.

पुढच्या रविवारी आपण मेक्सिकोचं रादिया प्रकरण घेणार आहोत. रोसेंदो रादिया यांना ऑगस्ट १९७४ मध्ये लष्कराच्या नाक्यावर बसमधून उतरवलं. निकाल २३ नोव्हेंबर २००९ चा. मी वही भरून आणली आहे. सैनिकांनी नागरिकांवर केलेले गुन्हे लष्करी कोर्टात चालणार नाहीत असा बदल: २०१४. त्याआधी जुलै २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल आपल्या न्यायाधीशांवर बंधनकारक असल्याचं मान्य केलं. ज्या कलमात रोसेंदो रादिया यांना किंवा त्यांच्या अवशेषांना शोधा असं म्हटलं आहे, त्याच्यासमोरचा चौथा रकाना कोरा आहे. त्यांची मुलगी अजून पाठपुरावा करते आहे. येताना वही आणि पट्टी आणा.